क्र. ४१ चा अभिप्राय

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९३५

पुस्तक वाचनालयात आले. दोन प्रती. 'नवव्या बुरुजाचे रहस्य', लेखक : कोणी एक सोलापूरकर. विष्णूने निळ्या कागदाचे वेष्टन घालून दाराजवळच्या टेबलावर मांडले होते. मी हात लावला नाही. परक्याच्या मुलाकडे बघावे तसे लांबून बघितले व वर्तमानपत्र घेऊन बसलो.

विष्णू दुधाळ, माझा तिसरीतला विद्यार्थी, आता आमचा ग्रंथपाल. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सूचनावहीत लिहिलंत म्हणून एकाच्या जागी दोन मागवल्या. लेखक आपल्या गावचा हाय म्हणं. कोण असंल ओ?"

"असेल कोणी."

एवढेच बोललो. घरी येईपर्यंत कान गरम. पुस्तक माझे हे फक्त माझ्या मित्राला, बाबूरावाला ठाऊक होते, आणि तो श्रावणात गेला. म्हणजे आता जगात मी आणि पुण्याचा छापणारा.

बुधवार, ता. ६

हे का केले ते एकदा लिहून ठेवावे.

पेन्शन घेतल्यापासून बघतो, माझी मुले (मुले कसली, मिशा पिकल्या एकेकाच्या) वाचनालयात येतात ती फक्त गुप्तहेरांच्या कादंबऱ्या न्यायला. कवितेच्या कपाटाची कडी गंजली. याच मुलांनी तिसरीत एका सुरात आर्या म्हटल्या होत्या. खिडकीतून ऊन, बोरूंचा कुरकुर आवाज, चुन्याच्या भिंतीला टेकून उभा असलेला सांगोल्याकडचा विष्णू, अंगाला मेंढरांचा वास, आणि 'दिंडी' वृत्तातली कविता म्हणताना डोळे मिटलेले. म्हणून वाटले, कविता गुप्तहेराच्या पुस्तकात लपवावी. गुळात औषध घालतात तशी. खून शोधता शोधता वाचतील.

बाबूरावाला कच्चे हस्तलिखित दिले होते. वाचून गठ्ठा सुतळीने बांधून सकाळी घरी आणून दिला. संध्याकाळी तळ्याच्या काठी बसलो होतो. म्हणाला, "गोविंदा, चांदण्याची ती चार पानं... वा. बाकी..." आणि खोकला आला. मग भेळवाला आला. पुढचे राहून गेले. मी विचारलेही नाही. तोवर पक्की प्रत पुण्यास गेली होती.

शनिवार, ता. ९

पहिले अभिप्राय.

आमच्याकडे नव्या पुस्तकाबरोबर अभिप्रायवही असते, सुतळीने टेबलाला बांधलेली. पुस्तक परत करताना सभासदाने दोन ओळी लिहायच्या, खाली नाव नाही, फक्त क्रमांक. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. मीच सुरू केली ही चाल. नाव नसले की माणूस खरे लिहितो, असे तेव्हा भाषण केले होते.

क्र. १२ : "पान ११० पर्यंत कोणीही मरत नाही. पुढे जो मरतो तो मरायला नको होता, तेवढाच बरा होता."

क्र. ६३ : "ज्यांना झोप येत नाही त्यांनी अवश्य न्यावे."

माणूस खरे लिहितो.

मंगळवार, ता. १२

आणखी. क्र. ३० : "गुप्तहेर पुरावे कमी गोळा करतो, श्लोक फार म्हणतो. प्रेताशेजारी शार्दूलविक्रीडित!" क्र. ८८ (अक्षरावरून कोणी मुलगी) : "चांदण्याचे वर्णन फारच गोड. वहीत उतरून घेतले. खुनाचे नीट कळले नाही." ही ओळ चारदा वाचली.

हातमागावर काम करणारे नरसय्या पुस्तक परत करायला आले होते. घरी तेलुगू, पण मराठी वाचतात उत्तम, लिहायला लाजतात. तोंडीच सांगत होते, सगळी खोली ऐकत होती. "मी मोठ्यानं वाचलो, सगळ्या मागावरची माणसं ऐकली. खुनी कोण, पैज लागली. कोण म्हणतो दिवाण, कोण म्हणतो दाई. एकजण पण जिंकला नाही! खुनी कोण? शेवटच्या पानाला स्टेशनवर गाडीतून उतरला तो! अहो विष्णुपंत, त्याला आदी कुणी बघितलाच नाही तर आमी धरायचं कसं?"

खोली हसली. मीही हसलो. हसावे लागले.

घरी सूनबाई वाचत होती. करकंबची आहे, मनातले ओठावर. मी सहज विचारल्यासारखे विचारले. "मामंजी, तिथं माणूस मरून पडलंय आणि हा चांदणं काय बघतोय? पोलिसाला बोलवा की आधी."

गुरुवार, ता. १४

लिहू की नको. लिहितो.

दुपारी वाचनालयात कोणी नव्हते. विष्णू मागच्या खोलीत जेवायला गेला होता. वही उघडीच होती. बाबूराव असता तर त्याने काय लिहिले असते, असा विचार करत बसलो. त्याचे अभिप्राय नेहमी मीच लिहीत असे. त्याचे अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या. त्याची ती कचेरीतली मोडी त्याला आणि मला, दोघांनाच वाचता येई. तो बोले, मी बालबोधीत उतरवी, खाली ४१ घाली. वर्षानुवर्षे तसेच.

तर लेखणी हातात होती. लिहिले : "प्रारंभ संथ असला तरी चांदण्याचे वर्णन अप्रतिम. अशी भाषा अलीकडे दिसत नाही. लेखकाने लिहीत राहावे." आणि हाताने आपोआप क्र. ४१ घातला.

घातला तेव्हा तो हयात नाही हे मनात आलेच नाही. शाई वाळल्यावर आले. तरी खोडले नाही. वाटले, तो असेच काही म्हणणार होता. खोकला आला म्हणून राहिले.

घरी येऊन कच्च्या हस्तलिखिताचा तो गठ्ठा, सुतळीसकट, पुण्याच्या पत्रांसकट, बंबात घातला. बंब पेटवायला अजून वेळ होता. सूनबाई पेटवील. मागे वळून पाहिले नाही.

सोमवार, ता. १८

दोघांनी पुस्तक आज मागून नेले. एक म्हणाला, "एक्केचाळीसला आवडलंय म्हणजे काहीतरी असणार." घरी येताना सात रस्त्याच्या चौकापर्यंत चालत आलो, पाय दुखले नाहीत. वाटेत एक आर्या सुचली.

म्हातारपणी माणूस असा फुगतो.

गुरुवार, ता. २१

सेक्रेटरी आप्पासाहेब वकील आज वही चाळायला आले होते. तरुण आहेत, पुण्यास शिकले, काम चोख. पान उलटता उलटता थांबले.

"विष्णू, एक्केचाळीस म्हणजे बाबूराव ना? त्यांच्या शोकसभेत मीच बोललोय."

विष्णूने टेबलावरची पुस्तके सारखी केली.

"मेलेला माणूस कादंबरी वाचून अभिप्राय देतो? ही कादंबरी खुद्द या कादंबरीपेक्षा बरी आहे की!"

दोघेतिघे हसले. मग आप्पासाहेबांनी जुन्या वह्या मागवल्या. ४१ चे जुने अभिप्राय काढले, शेजारी विष्णूचे नोंदणीपुस्तक ठेवले. तोच 'ळ', उजवा फुगा मोठा. तीच 'श्री'ची शेपटी. "म्हणजे बाबूरावांचं लिहिणं पूर्वीपासून तुझ्याकडेच होतं. आता ते गेले तरी तू चालूच ठेवलंस. का रे? दोन प्रती तूच मागवल्यास. आपल्या गावचा लेखक हेही तूच सांगत फिरतोस. 'कोणी एक सोलापूरकर' म्हणजे तू तर नव्हेस?"

विष्णूने एकदा माझ्याकडे पाहिले. मग टेबलाकडे. म्हणाला, "मला काय बोलायचं न्हाय."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. हातात साप्ताहिक. त्यात काय होते ते आता आठवत नाही.

शनिवार, ता. २३

आप्पासाहेब घरी आले. मला वाटले कळले. उठून उभा राहिलो.

ते म्हणाले, "बसा गुरुजी. तुमची मदत हवी. निम्म्या गावाचं अक्षर तुम्ही लावलंय. तुमच्याइतकं कोणाला कळणार? हा मजकूर विष्णूच्या हातचा आहे का, एवढं समितीला सांगा. तुमचा शब्द आम्ही अखेरचा मानू."

वही माझ्या पुढ्यात ठेवली. माझेच अक्षर मला तपासायला. सूनबाईने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली. मी चष्मा पुसला. परत पुसला. शेवटी म्हणालो, "हे माझ्या शाळेचं वळण आहे."

खरेच बोललो. शब्दन्‌शब्द खरे.

"तेवढं पुरे," असे म्हणून ते गेले.

मुलांना निबंधात सांगत असे, खरे बोलावे. अर्धे खरे कसे असते ते कधी शिकवले नाही.

रविवार, ता. २४

विष्णूकडून किल्ल्या काढून घेतल्या. १ डिसेंबरच्या सभेत निकाल. दोष ठरला तर काम गेले आणि वाचनालयामागची राहायची खोलीही गेली.

दुपारी त्याच्याकडे गेलो. बायको ज्वारी निवडत होती. त्याने सतरंजी झटकून घातली, नेहमीसारखी.

मी म्हणालो, "विष्णू, तुला कळलं होतं?"

"गुरुजी, तुमचा ळ मला डोळं झाकून बोट फिरवून बी वळखू येतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ज्यानं अक्षर दिलं त्येच्याच अक्षराकडं बोट दावू?" मग जरा हसून, "जाऊ की सांगोल्याला. दादाची मेंढरं हायती."

बायको मान वर न करता म्हणाली, "मेंढरं हायती, पर पाणी कुटं हाय तितं? वर्सभर पाऊस न्हाय. आणि ह्यास्नी मेंढरू धरता तरी येतंय का आता? पुस्तक धरल्यागत दोन हातांनी धरत्यात."

विष्णू हसला. मला हसू आले नाही.

आणि मग मी काय विचारले? लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. त्या खोलीत बसून मी विचारले, "पुस्तक कसं वाटलं रे तुला?"

तो सतरंजीचा दोरा ओढू लागला. "चांदणं झ्याक हाय गुरुजी. पर खुनी जरा आदी आनायला पायजे हुता."

बुधवार, ता. २७

काल दिवसभर धीर गोळा केला. आज आप्पासाहेबांच्या घरी गेलो. पक्षकार बसले होते, ते उठेपर्यंत थांबलो. सगळे सांगितले. पुस्तक माझे, अभिप्राय माझा, क्रमांक मेलेल्या मित्राचा.

त्यांनी ऐकून घेतले. मग उठून माझ्या पायाला हात लावला.

"गुरुजी, माझे वडील तुमचं नाव का घेतात ते आज कळलं. विद्यार्थ्याला वाचवायला कोण एवढं अंगावर घेतो? पण मी हे मानू शकत नाही. मी वाचलंय ते पुस्तक. ते तुम्ही? छे, छे!"

"मी लिहिलंय."

"असलं सुमार तुमच्या हातून होणार नाही."

मी चांदण्याचे पहिले पान म्हणून दाखवले, तोंडपाठ, एक शब्द न चुकता. ते म्हणाले, "पाठांतर तुमचं पहिल्यापासून दांडगं, ऐकून आहे." पत्रे आहेत का विचारले. बंबात घातली, म्हणालो. त्यांनी वकिली हसून मान डोलावली. पुण्यास लिहीन म्हणालो, तर म्हणाले, उत्तर येईपर्यंत सभा थांबत नाही. शिवाय, लेखकाचे नाव कोणालाही कळवू नये, असे मीच छापणाऱ्यास बजावून लिहिले होते.

बाहेर आलो. लिहून ठेवण्याजोगी लाज ती पुढे आहे. पायऱ्या उतरताना मला बरे वाटले. क्षणभर. सुटलो असे वाटले. आता मी केले माझ्या परीने, असे स्वतःला सांगत चौकापर्यंत आलो. तिथे विष्णूची बायको घागर घेऊन जाताना दिसली. तिने पदर सारखा करून मला वाट दिली.

शुक्रवार, ता. २९

सकाळी सूनबाई धोब्याची यादी लिहीत होती. मी तिच्या खांद्यावरून सहज पाहिले. 'धोतरे दोन, पलंगपोस एक' आणि कागदाच्या पलीकडच्या बाजूने उलटी दिसणारी माझी अक्षरे.

"हा कागद कुठला?"

"बंबातला. पाठकोरा गठ्ठा कुणी जाळतं का मामंजी? वरची पत्रं तेवढी जळली होती. हा ओढून काढला." मग यादीवरच नजर ठेवून, "सगळा वाचला मी. नंतर. आधी ठाऊक असतं तर त्या दिवशी जरा गोड बोलले असते."

"तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. विष्णूभाऊजींचं ऐकलं आणि आज मुद्दाम हाच कागद घेऊन तुमच्यापुढं बसले."

गठ्ठा आणून दिला. सुतळी तिने सोडलेली. म्हणजे बाबूरावाने बांधल्यापासून मी ती कधी सोडलीच नव्हती. कडा करपलेल्या. प्रत्येक दोन-चार पानांआड समासात मुंग्या. बाबूरावाच्या. "येथे लवकर." "हा कोण?" "पुन्हा श्लोक?" चांदण्याच्या पानांवर काही नाही, फक्त एक लांब रेघ, शेजारी उभी, पानाच्या टोकापासून टोकापर्यंत. आवडले की तो अशी रेघ ओढी.

शेवटच्या पानाखाली पाच ओळी. उजेडात नेऊन वाचल्या.

"गोविंदा, चांदणे उत्तम. ती पाने फाडून वेगळी ठेव. बाकी गोष्ट जमली नाही. छापू नकोस, लोक हसतील आणि तुला ते सोसणार नाही. रागावू नकोस. संध्याकाळी तळ्यावर ये, तोंडाने सांगायला मला जमणार नाही."

म्हणजे खोकला आला नव्हता.

सूनबाईने विचारले, "काय लिहिलंय हो त्या मुंग्यांत? मला नावापुढं काही लागलं नाही." मी म्हणालो, अभिप्राय आहे. क्रमांक एक्केचाळीसचा. खरा.

शनिवार, ता. ३०

तळ्यावर गेलो. आमच्या जागी दुसरी दोन माणसे बसली होती. उभ्यानेच परत.

त्याच्या नावाने मी लिहिले, "लेखकाने लिहीत राहावे." त्याने लिहिले होते, छापू नकोस. या जन्मी त्याने मला कधी फसवले नाही. मी त्याच्या तेराव्याचे जेवलो, आणि त्याच्या तोंडी माझीच स्तुती घातली.

रविवार, ता. १ डिसेंबर

सभा चारला. आता जेवण होऊन दीड वाजला आहे.

ते शेवटचे पान जवळ आहे. त्या ओळींच्या आरंभी माझे नाव, 'गोविंदा', तेवढे बालबोधीत. त्या कागदावर माझी खाडाखोड, बुरुजाचे रहस्य, आणि खाली बाबूरावाचा हात. पाठांतर म्हणून हे कोणी उडवून लावणार नाही. विष्णू यातून सुटतो. सूनबाई म्हणाली, "मी पण येते सभेला. गठ्ठा कुठं सापडला ते मी सांगीन." बायका सहसा येत नाहीत. येऊ दे म्हणालो.

पण एक आहे. आप्पासाहेब पान हातात घेतील, डोळ्यांजवळ नेतील, लांब धरतील, आणि म्हणतील, "हे काय लिहिलंय? वाचून दाखवा गुरुजी." गावात ती मोडी वाचणारा आता मी एकटा. मी जे म्हणेन तेच त्या ओळींत लिहिलेले ठरेल. "चांदणे उत्तम" म्हणून थांबलो तरी कोणाला कळणार नाही. विष्णू तरीही सुटेलच. नाव पुरे आहे, बाकीचे कोण मागतो?

सकाळपासून तीनदा मोठ्याने वाचून पाहिले. "चांदणे उत्तम" खणखणीत येते. "छापू नकोस"ला आवाज आपोआप खाली जातो. "लोक हसतील"ला तर ऐकूच येत नाही. तिसरीत कोणी असा शब्द गिळला की मी छडी टेबलावर आपटून म्हणत असे, मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे.

मागच्या बाकावर आज नरसय्या असतील. ती चांदणे वहीत उतरून घेणारी मुलगी असेल कदाचित. विष्णू दाराशी उभा असेल, किल्ल्यांशिवाय.

सूनबाईने उपरणे घडी घालून ठेवले आहे. अजून एकदा वाचून पाहतो.